ॲपमधील मजकूर-फाइलींचे वाचन : संकेत, अक्षर आणि अर्थ

बोलीच्या अभ्यासकाने क्षेत्रात जाऊन शब्द जमवावेत, ते पत्रिकांवर उतरवून घ्यावेत आणि त्यांतून कोश सिद्ध करावा, ही आपल्या शास्त्राची रूढ पद्धती होय. आता पत्रिकांची जागा मजकूर-फाइलीने घेतली आहे आणि मुद्रित कोशाऐवजी पुष्कळदा मोबाइलवरील ॲप तयार होते. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा शेजारी नांदतात. मागाच्या धंद्यात तिन्ही भाषा बोलणारे लोक आहेत. अशा ठिकाणी धोटा, कांडी, फणी, ताणा, बाणा यांसारख्या शब्दांचा संग्रह करून तो ॲपच्या रूपाने उपलब्ध करावा, ही कल्पना कोणाही विद्यार्थ्याला सुचण्याजोगी आहे. तथापि आपण जे लिहून ठेवले तेच ॲप वाचते काय, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम ॲपची रचना पाहू. अँड्रॉइडवरील ॲपचे गाठोडे म्हणजे वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेला संग्रह असतो. त्याच्या ‘ॲसेट्स’ या कप्प्यात ठेवलेली फाइल गाठोड्यातच राहते. नेहमीच्या फाइलीप्रमाणे तिचा पत्ता देऊन ती उघडता येत नाही. यंत्रणेकडून तिचा बाइटांचा प्रवाह मागून घ्यावा लागतो. शिवाय ती केवळ वाचण्यापुरती असते. तीत भर घालावयाची झाल्यास तिची प्रत ॲपच्या स्वतःच्या साठ्यात करून घ्यावी लागते, किंवा ॲपची नवी आवृत्ती काढावी लागते.

या प्रवाहात अक्षरे नसतात, संख्या असतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एक क्रमांक दिलेला आहे. ही मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते. ‘क’ म्हणजे २२४, १६४ व १४९ या तीन संख्या. ‘सोलापूर’ या शब्दात उच्चारदृष्ट्या चार अक्षरे आहेत, परंतु ो, ा, ू ही चिन्हे स्वतंत्र मोजली जात असल्याने चिन्हे सात व बाइट एकवीस होतात. कन्नड व तेलुगू लिप्यांनाही तीन बाइटांचाच नियम लागू आहे. उलट साधी मोकळी जागा व ओळीचा शेवट यांना एकच बाइट पुरतो.

येथेच पहिला दोष संभवतो. मोठी फाइल १०२४ बाइटांच्या तुकड्यांनी वाचण्याचा प्रघात आहे. १०२४ ला तीनने भागले असता एक उरतो. म्हणजे सलग देवनागरी मजकुरात ३४१ चिन्हे पुरी होऊन ३४२ व्या चिन्हाचा पहिलाच बाइट तुकड्यात येतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडला तर ते चिन्ह भंगते आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्हांकित चौकट उमटते. मध्ये एकबाइटी जागा येत असल्याने हा भंग प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी दिसतो. चाचणीसाठी घेतलेली वीस शब्दांची फाइल एका तुकड्यात मावते, म्हणून तीत काहीच बिघडत नाही. बिघाड होतो तो पुरा संग्रह घातल्यावर. उपाय सोपा आहे : सर्व बाइट एकत्र करून मगच उलगडावेत, किंवा अपुरे बाइट पुढील तुकड्यासाठी राखून ठेवणारा वाचक वापरावा. संकेत यूटीएफ-८ आहे, हेही स्पष्ट सांगावे.

दुसरा दोष लहान, पण फसवा आहे. काही संपादन-साधने फाइलीच्या आरंभी तीन बाइटांची अदृश्य खूण घालतात. ती काढली नाही तर पहिल्या शब्दाला चिकटते. तो शब्द पडद्यावर दिसतो, मात्र शोधल्यास सापडत नाही.

तिसरा दोष भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : ०९३१ या क्रमांकाचा ‘ऱ’ व हलन्तचिन्ह जोडून, अथवा साधा ‘र’, हलन्तचिन्ह व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटतात. दोन संकलकांनी दोन कळफलक वापरले असतील तर एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतात. युनिकोडचे प्रमाणीकरणही ही दोन रूपे एक करीत नाही. त्यासाठी आपणच नियम लिहावा लागतो. याहून वाईट म्हणजे, अदृश्य चिन्हे निरर्थक समजून एखाद्याने ती सरसकट गाळली, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा दर्या होतो आणि स्वयंपाकी गुरुपदास चढतो! कोठेही चूक झाल्याची सूचना मिळत नाही. चौकट उमटली असती तर निदान संशय तरी आला असता. यास्तव आधी सर्व अर्धे र पहिल्या रीतीत आणावेत, आणि मगच इतर साफसफाई करावी.

अनुक्रमाचीही अशीच गोष्ट. केवळ क्रमांकांनुसार शब्द लावले तर ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत मात्र तो ‘ह’ नंतर येतो. मराठी कोशाचा क्रम हवा असेल तर तो यंत्रास शिकवावा लागतो.

जुन्या फॉन्टांत टंकलेल्या संग्रहांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. त्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीच्या आकृती बसविलेल्या असतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिलेली असते. युनिकोडात ती व्यंजनानंतर येते. असा मजकूर ॲपमध्ये घालण्यापूर्वीच रूपांतरित करून ताडून पाहिला पाहिजे.

ताडणीची एक रीत आपल्या परिचयाची आहे. बोलीचे वर्णन करताना आपण जशी वर्णसूची करतो, तशी मूळ फाइलीतील प्रत्येक चिन्हाची संख्या मोजावी. ॲपने वाचलेल्या मजकुराचीही तशीच मोजणी करावी. अर्धा र मुद्दाम एका रूपात आणला असेल तर तेवढा फरक अपेक्षित धरावा. अन्यत्र दोन्ही याद्या जुळल्या पाहिजेत. न जुळल्यास कोणते चिन्ह हरवले ते तत्काळ कळते. ज्या वृद्ध विणकराने तो शब्द सांगितला, त्याला पुन्हा विचारण्याची संधी मिळेलच असे नाही. म्हणून ही मोजणी तंत्रज्ञावर न सोपविता संकलकाने स्वतः करावी, हे इष्ट होय.