आंत्र-अस्तरातील पेशींचे विशेषीकरण आणि शेजारी पेशींचे संकेत

लहान आतड्याचे आतील अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे असते. अन्नरसाला वाट देणे आणि जंतूंची वाट अडविणे, ही दोन विरोधी कार्ये या एकेरी थरास एकाच वेळी पार पाडावी लागतात. यास्तव त्यात भिन्न पेशी आढळतात. शोषक पेशी संख्येने सर्वांत अधिक असून श्लेष्मा स्रवणाऱ्या चषक-पेशी, संप्रेरके निर्माण करणाऱ्या अंतःस्रावी पेशी व जंतुनाशक प्रथिने सोडणाऱ्या पानेट पेशी त्या मानाने थोड्या असतात. उंदरात, पानेट पेशी वगळता, हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. इतक्या झपाट्याने पेशी बदलत असताही त्यांचे परस्पर प्रमाण कसे टिकते, हा येथील मूळ प्रश्न होय.

या सर्व पेशींचा उगम एकच असल्याचे मत चेंग व लब्लाँ यांनी १९७४ साली मांडले. पुढे २००७ मध्ये उट्रेख्त येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत 'एलजीआर-५' हे प्रथिन धारण करणाऱ्या पेशींवर अनुवंशिक खूण करण्यात आली. ती खूण सर्व प्रकारच्या वंशज पेशींत उतरली. या मूलपेशी अस्तरातील खळग्यांच्या तळाशी, पानेट पेशींच्या मधोमध वसलेल्या असतात.

मूलपेशींची विभाजनक्षमता 'विंट' या संकेतावर अवलंबून असते. त्याची अंमलबजावणी करणारे 'टीसीएफ-४' जनुक नष्ट केलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात विभाजनक्षम पेशी उरत नाहीत, असे १९९८ मध्ये दिसून आले. तथापि, शोषक व्हावे की स्रावी, हा निर्णय मुख्यतः 'नॉच' या दुसऱ्या संकेताने होतो.

नॉच हा पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही होय. शेजारच्या पेशीवरील 'डेल्टा' प्रथिन त्यास चिकटले, की गॅमा-सिक्रेटेज हे विकर त्याचा आतील भाग तोडते. तो भाग केंद्रकात जाऊन 'हेस-१' जनुक जागृत करतो, आणि हेस-१ हे स्रावी मार्गास आवश्यक असलेल्या 'मॅथ-१' जनुकास दडपते. अशी पेशी शोषक बनते. उलटपक्षी, जिच्यात मॅथ-१ प्रबळ होते ती पेशी स्वतः डेल्टा धारण करून शेजाऱ्यांस स्रावी होण्यापासून परावृत्त करते. स्रावी पेशी विरळ व विखुरलेल्या का असतात, याचे उत्तर या परस्परनिरोधात आहे.

प्रयोगांनी याची साक्ष दिली आहे. हेस-१ काढून टाकल्यास स्रावी पेशी वाढतात (२०००). मॅथ-१ काढल्यास तिन्ही स्रावी प्रकार नाहीसे होतात (२००१). आणि नॉच संकेत रोखल्यास खळग्यांतील विभाजनशील पेशी चषक-पेशींत रूपांतरित होतात (२००५).

या ज्ञानास व्यावहारिक महत्त्वही आहे. अल्झायमर रोगात मेंदूत साचणारे अमिलॉइड प्रथिन निर्माण होण्यास हेच गॅमा-सिक्रेटेज कारण असते. म्हणून त्यास रोखणारी औषधे शोधण्यात आली. परंतु मेंदूसाठी योजलेले औषध आतड्यातील नॉचही बंद पाडते, आणि अतिसारासारखे उपद्रव उद्भवतात. दुसऱ्या बाजूस, विंट संकेतास आवर घालणारे 'एपीसी' जनुक बिघडले, की पेशी विभाजन थांबवीत नाहीत. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत हा बिघाड आढळतो.

सारांश, आंत्रपेशीचे भवितव्य तिच्या जनुकांत पूर्णपणे लिहिलेले नसते. कोणते जनुक जागे राहील, हे बऱ्याच अंशी तिचा शेजारी ठरवितो.