रेल्वेचा देखावा : मोठ्या दुकानात काय घ्यावे, काय टाळावे

भीमजयंती जवळ आली की वस्तीवस्तीत देखाव्याची चर्चा सुरू होते. चवदार तळे, काळाराम मंदिर, दीक्षाभूमी हे देखावे दरवर्षी होतात आणि ते व्हायलाच हवेत. पण मुलांना चालते-फिरते काही हवे असते. धावती आगगाडी दिसली की लहान पोर जागचे हलत नाही. आणि आगगाडी आपल्या समाजाला परकी थोडीच आहे? मनमाड, भुसावळ, इगतपुरी, नागपूर येथील रेल्वेच्या चाळींतून आपल्या किती पिढ्या गेल्या!

मनमाडलाच १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. स्टेशनावरच्या पोर्टरची साधी जागाही त्याला मिळत नसे, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरच्या घरची कामे करून घेत आणि तिथे विटाळ आडवा येई. रुळाखाली खडी भरायला आपले हात चालत, घरात पाणी भरायला चालत नसत!

म्हणून यंदा विहारात मनमाड परिषदेचा आणि धावत्या गाडीचा देखावा करावा, असे आम्ही सुचवतो. आपल्या मुलामुलींनी रुळांचा नकाशा स्वतः काढावा, तारा स्वतः जोडाव्यात. आजोबांनी घण उचलला, नातवंडांनी आराखडा करावा.

आता खरेदीकडे वळू.

घरून निघण्यापूर्वी

आज शहरांत आणि अनेक तालुक्यांच्या गावीही ढकलगाडी घेऊन फिरायची मोठमोठी दुकाने झाली आहेत. तिथे यादीशिवाय जाऊ नये. ‘एकावर एक मोफत’ची पाटी दिसली की गरज नसलेली वस्तूही गाडीत पडते. यादी लिहावी, पुढे रक्कम मांडावी आणि तेवढेच पैसे सोबत घ्यावेत.

अमेरिकेत छोट्या रेल्वेचा छंद फार जुना आहे. नाताळच्या सुमारास तिथल्या मोठ्या दुकानांत झाडाभोवती फिरणाऱ्या गाड्या विकायला येतात. पण मुरलेले छांदिष्ट तिथेही रूळ आणि इंजिन खास दुकानातून घेतात. प्लायवूड, रंग, डिंक, तारा मात्र घरबांधणीच्या सामानाच्या मोठ्या दुकानातून आणतात. ही रीत आपणही उचलावी. जिथे जी वस्तू चांगली आणि स्वस्त, तिथूनच ती घ्यावी.

गाडी कोणती?

छांदिष्टांच्या सर्वांत प्रचलित मापात गाडी खऱ्यापेक्षा ८७ पट लहान असते आणि दोन रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर असते. तिच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्याच १८ इंच, म्हणजे पूर्ण गोलाला तीन फूट आणि कडेला थोडी जागा. त्यासाठी आठ बाय चार फुटांचा अख्खा प्लाय लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत तो मांडला तर माणसांनी झोपायचे कुठे? शिवाय हे संच बहुतेक परदेशी बनावटीचे आणि महाग.

आपल्याला मोठ्या दुकानातील सेलवर चालणारी साधी गाडी पुरते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आयएसआयची खूण. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ती सक्तीची आहे. दुसरी, रुळांचा गोल केवढा. तो चार बाय अडीच फुटांच्या फळीवर मावला तर काम झाल्यावर फळी खाटेखाली सरकवता येते. तिसरी, दुकानातच सेल घालून गाडी चालवून पाहावी. डब्यावर छापले आहे म्हणून मानू नये. कालाम सुत्तातला उपदेश बाजारातही उपयोगी पडतो.

बाकीचे सामान

डोंगरासाठी परदेशात फोमचे जाड तक्ते कापतात. आपल्याकडे सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यास २०१८ पासून बंदी आहे आणि त्याची गरजही नाही. मोठ्या दुकानात रिकामे पुठ्ठ्याचे खोके मागितले तर मिळतात. पुठ्ठ्याच्या पट्ट्या टोपलीसारख्या विणाव्यात, त्यावर खळीत बुडवलेले वर्तमानपत्राचे तुकडे थरावर थर चिकटवावेत. दोन दिवसांत डोंगर कडक होतो. त्यातून बोगदा काढला की झाला थळ घाट! कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारी ही वाट १८६५ साली खुली झाली. ती मजुरांच्या घामातून उभी राहिली, हे मुलांना आवर्जून सांगावे.

प्लाय, काळा पॉलिश पेपर आणि तारा हार्डवेअरच्या दुकानातून घ्याव्यात. पॉलिश पेपरची पट्टी कापली की हुबेहूब डांबरी रस्ता दिसतो. भांडी घासायची हिरवी घासणी मोठ्या दुकानात स्वस्त मिळते. तिचे तुकडे काडीवर खोचले की झाडे तयार. वापरलेली चहापत्ती धुऊन वाळवली तर काळ्या रानाची माती होते.

रुळांच्या कडेला खडी म्हणून चाळलेली वाळू पसरावी. फेविकॉल आणि पाणी सारखे घेऊन त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा आणि ते थेंबथेंब सोडावे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि डिंक वाळूत मुरतो. शाळेच्या पुस्तकातला धडा असा हाताला कळतो.

गणित आणि वीज

गाडीचा डबा पट्टीने मोजावा. आपला नेहमीचा निळा डबा सुमारे २१.३ मीटर, म्हणजे २१३० सेंटीमीटर लांब असतो. खेळण्यातला डबा १५ सेंटीमीटर भरला, तर २१३० भागिले १५ बरोबर १४२. म्हणजे आपली गाडी १४२ पट लहान. मग १६५ सेंटीमीटर उंचीचा माणूस जेमतेम १.२ सेंटीमीटरचा करावा लागेल. परिषदेचा मंडप, स्टेशन, सिग्नल सारे याच हिशेबाने कापावे.

स्टेशनात दिवे लावायचे तर दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक जोडावेत. एकूण साडेचार व्होल्ट होतात. लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट लागतात, उरले अडीच. प्रवाह ०.०१ अँपियर धरला तर ओहमच्या नियमाने २५० ओहमचा रोध हवा. दुकानात २७० चा मिळतो, तो चालतो. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रोध लावावा. घरातल्या विजेच्या बोर्डाला मात्र मुलांनी हात लावायचा नाही, हे बजावून सांगावे.

पावती सोडू नका

पक्की पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. वस्तू सदोष निघाली तर पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर तीस दिवसांत, ती परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून मागे फिरू नये. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आपला कामगार घाम गाळून पैसा मिळवतो, मग तो खर्चताना मान खाली का घालावी?

हा देखावा एकट्या घराने करू नये. पाच-सहा घरांनी वर्गणी काढावी आणि जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लिहावा. मुलींना केवळ रंगकामावर बसवू नये, तारा जोडणेही त्यांना द्यावे. निवृत्त गँगमन, खलाशी, फिटर आजोबांना मुलांनी हाताला धरून आणावे आणि विचारावे : सांधा कसा बदलतात, पावसाळ्यात रात्रीची गस्त कशी घालायची, लाल बावटा केव्हा दाखवायचा? ही विद्या कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. ती आपल्याच घरात आहे आणि ती सांगणारी माणसे थकत चालली आहेत. जयंतीच्या निमित्ताने ती मुलांच्या वहीत उतरू द्या.

जयभीम!