क्रॉसलिंकिंग झालं, तरी आजार वाढतोय?
दोंडाईचात ऊन-धूळ कायमची. डोळे खाजले की आपली मुलं चोळत बसतात. केराटोकोनसमध्ये कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन पुढे येतो. चोळल्याने तो आणखी बिघडतो. क्रॉसलिंकिंगमध्ये बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील किरण देतात, त्याने पडदा घट्ट होतो. हा उपचार नंबर घालवायला नाही, आजार थांबवायला आहे.

लहान वयात, किंवा चोळणं सुटलं नाही तर, काहींचा आजार पुन्हा वाढतो. उपचार परत करता येतो. पण त्यासाठी जुन्या-नव्या टोपोग्राफीची तुलना आणि साधारण ४०० मायक्रॉन जाडी लागते. म्हणून पालकांना आमचं सांगणं एवढंच: जुने रिपोर्ट जपा, खाजेवर आधी औषध घ्या, तपासणी चुकवू नका. पडदा फार पातळ झाला, तर प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकते.