आत न डोकावता ओळखणे

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज चिपवर बोलतोय, याचं हसू येत असेल तर खुशाल हसा. पण बुलढाणा जिल्ह्यात आम्ही वर्षानुवर्षं जो प्रश्न वर्गात मांडला, तोच इथे आहे: आत न शिरता एखादी वस्तू कळली असं म्हणता येतं का? गिल्बर्ट राईल यांनी १९४९ साली मनाबद्दल हेच विचारलं. आपला कास्तकार तर बैलबाजारात रोजच याचं उत्तर देतो. तो बैल कापून बघत नाही. दात बघतो, चालवतो, ओझं ओढायला लावतो.

आता चिपकडे या. सर्किट बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. चिपने अर्ध्या नॅनोसेकंदात शून्याचा एक केला आणि तार २० सेंटिमीटर असली, तर पलीकडे खबर पोचायच्या आत इकडचं काम संपलेलं असतं! मग पलीकडच्या टोकावरून लाट परत येते, विहिरीत हाक मारल्यासारखी. टोक मोकळं असेल तर तिथला व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होतो. हे आधीच गणितात पकडायला हवं, नाहीतर तयार बोर्ड फेकावा लागतो.

बर्कलेच्या 'स्पाइस' प्रोग्रॅममध्ये एकेक ट्रान्झिस्टर मांडून हे करता येतं. पण ते संथ, आणि कंपनी आतली रचना दाखवायला राजी नसते. म्हणून इंटेलच्या पुढाकाराने १९९३ मध्ये 'आयबिस' नावाची पद्धत आली. तिच्यात आतलं काहीच नाही, नुसते तक्ते: पायावर इतका व्होल्टेज दिला तर किती करंट, आणि ठरावीक भार लावला तर वेळेनुसार व्होल्टेज कसा चढतो-उतरतो. ३.३ व्होल्टच्या चिपचा करंटचा तक्ता उणे ३.३ पासून ६.६ पर्यंत भरतात. का? ती परतणारी लाट आठवा.

एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, ही लपवाछपवीच झाली ना?" काही अंशी हो. पण आमच्या मते खरी अडचण वेगळीच आहे. तक्ता भरताना एकच पाय चालवलेला असतो, वीजपुरवठा भक्कम धरून. प्रत्यक्षात बत्तीस पाय एकदम पलटतात, पुरवठाच डळमळतो आणि प्रत्येकाचा जोर कमी होतो. एकट्याने पोटभर कडबा खाल्लेला बैल पारखायचा आणि मग बत्तीस बैल एकाच गव्हाणीला बांधायचे, तसं हे! २००८ च्या ५.० आवृत्तीत पुरवठ्याच्या करंटचे वेगळे तक्ते आले, ते याचसाठी. तेव्हा वागणुकीवरून ओळखणं खोटं नव्हतं, वागणूक अपुरी तपासली होती. राईलवर आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही हेच सांगत आलो, वर्गात फारसं कोणाला पटलं नाही ते सोडा.

फाइल हाती आली की आधी बघा, तिच्यात ते पुरवठ्याचे तक्ते भरलेत की नाहीत. पुष्कळदा नसतात.