कामाला लावलेला मुलगा 'ढ' नसतो: शिकाऊ मुलांच्या अडचणी कशा ओळखाव्यात?

दहावीत गणित-इंग्रजी राहिलं, म्हणून मुलाला गॅरेजवर लावलं. सहा महिन्यांनी उस्ताद म्हणतो, "डॉक्टरसाहेब, बारा नंबरचा पाना मागितला की एकवीसचा आणतो. डोक्यात काही शिरतच नाही." अर्धापूरच्या माझ्या दवाखान्यात असे बाप-लेक अधूनमधून येतात. बापाला टॉनिक हवं असतं. अशा वेळी टॉनिकचा काही उपयोग नसतो, हे आधीच सांगतो.

सगळ्यात आधी कान तपासून घ्या. लहानपणापासून कान वाहत असेल तर पडद्याला छिद्र असू शकतं, आणि घरात नीट ऐकणारा मुलगा ग्राइंडरच्या आवाजात अर्धंच ऐकतो. लोक त्याला बेपर्वाई समजतात. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर चांगला कानही हळूहळू खराब होतो, मग आधीच अधू असलेल्या कानाला जपायलाच हवं. त्याच वेळी डोळ्यांचा नंबरही काढून घ्या.

कान-डोळे ठीक असतील आणि मुलगा बोलण्यात, व्यवहारात हुशार असूनही वाचन, लेखन किंवा आकड्यांत अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेचा विचार करावा लागतो. यात बुद्धी कमी नसते. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्याची मेंदूची पद्धत वेगळी असते. मारून किंवा ओरडून ती बदलत नाही. उलट घाबरलेला मुलगा जास्त चुकतो. बौद्धिक अक्षमता वेगळी. तिथे रोजचे व्यवहार शिकायलाही वेळ लागतो, पण एकच काम पुन्हा पुन्हा करून घेतलं तर अनेक मुलं ते पक्कं शिकतात.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यात या दोन्ही येतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून रुग्णालयात तपासणी झाली की प्रमाणपत्र मिळतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असेल तर शासकीय नोकरीतल्या आरक्षणासाठीही ते लागतं. अध्ययन अक्षमतेची तपासणी १८ व्या वर्षी पुन्हा करून घ्यावी लागते. शाळेतला जुना कागद दाखवून भागत नाही. आपल्याकडच्या लोकांना तपासणीसाठी विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचं आहे. तिथे कान-नाक-घसा आणि मनोविकार, दोन्ही विभागांत दाखवता येतं.

मात्र चार माणसांच्या गॅरेजात कायद्याचा कागद पुढे करण्यापेक्षा उस्तादाशी दहा मिनिटं बोललेलं जास्त कामी येतं. पान्यांना रंगीत टेप लावा. एका वेळी एकच काम सांगा आणि ते मुलाकडून परत म्हणवून घ्या. कामाचा क्रम मोबाईलवर फोटोत ठेवा. आयटीआयमधला शिकाऊ उमेदवार असेल तर निदेशकांना प्रमाणपत्र दाखवून परीक्षेतल्या सवलतींबद्दल वेळेत विचारा, आदल्या दिवशी नको.

फिट येणाऱ्या मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. घरचे लग्न जुळणार नाही म्हणून फिटची गोष्ट लपवतात आणि मुलगा लेथवर नाही तर वेल्डिंगला शिडीवर चढतो. उस्तादाला सांगाच. फिट पूर्ण आटोक्यात येईपर्यंत उंचीवरचं काम, उघडी फिरती यंत्रं आणि गाडी चालवणं नको. बैठं वायरिंग, बॅटरी, हिशेब अशी कामं चालतात. गोळी एक दिवसही चुकवू नका, रात्रपाळी टाळा. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

गोळीने दिवसभर झोप येत असेल तर ती स्वतःहून बंद न करता मुलाला घेऊन डॉक्टरकडे या. मात्रा किंवा वेळ बदलता येते.