ठगांच्या दप्तरातून राजकीय पाळतीकडे

नाशिकजवळच्या पेठ संस्थानात 1857 मध्ये आदिवासींनी उठाव केला, तेव्हा सरकारची भिस्त फौजेवर होती. मात्र पुढील अर्धशतकात बंड होण्याआधीच मनसुबे टिपणारी यंत्रणा उभी राहिली. 1887 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनच्या कारकिर्दीत मध्यवर्ती ‘स्पेशल ब्रँच’, म्हणजे राजकीय व धार्मिक चळवळींची माहिती गोळा करणारी शाखा, स्थापन झाली आणि ती ठग व दरोडेखोरांचा माग काढणाऱ्या ठगी व डकैती खात्याला जोडली गेली, ही बाब बोलकी आहे. कारण दरोडेखोर आणि वृत्तपत्रांचे संपादक एकाच दप्तरात आले. 1904 मध्ये ते खाते मोडून गुन्हेगारी गुप्तवार्ता विभाग निघाला. 1885 चा तार कायदा आणि 1898 चा टपाल कायदा यांनी तारा व पत्रे अडवण्याची मुभा आधीच दिली होती.

तरीही नाशकात 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना कवितांच्या प्रकाशनाबद्दल जन्मठेप झाली होती. म्हणजे छापील शब्दावर नजर होती, पिस्तुलांवर नव्हती. हे या यंत्रणेचे उघड अपयशच म्हणावे लागेल.

विशेष म्हणजे, मुंबई सरकारने 1957 पासून स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, ती बऱ्याच अंशी याच सरकारी दप्तरांतून निवडलेली आहेत. जिज्ञासूंनी ते खंड अवश्य चाळावेत.