मान वाकडी का झाली?

समजा, नाशिकजवळच्या एका गावातील पंधरा वर्षांच्या मुलाला भास होऊ लागले, म्हणून डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल हे औषध सुरू केले. दुसऱ्याच दिवशी त्याची मान एका बाजूला वळली, बुबुळे वर चढली, जबडा आवळला. मुलगा मात्र पूर्ण शुद्धीवर! कोणी म्हणेल फिट आली, कोणी म्हणेल अंगात आले. दोन्ही चूक. हा औषधाचा दुष्परिणाम आहे. त्याला ‘डिस्टोनिया’ म्हणतात आणि प्रौढांपेक्षा किशोरवयात त्याचा संभव अधिक असतो.

असे का होते? मेंदूतील पेशी रासायनिक द्रव्यांच्या द्वारे एकमेकींना निरोप देतात. डोपामीन हे असेच एक द्रव्य. भास कमी करणारी बहुतेक औषधे त्याचे निरोप अडवतात. परंतु डोपामीनची कामे अनेक आहेत. एके ठिकाणी ते स्नायूंच्या हालचालींवर नियंत्रण ठेवते, तर दुसरीकडे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला आवर घालते. गोळी दोन्हीकडे पोचते. म्हणून कोणाचे स्नायू आखडतात, तर क्वचित एखाद्या मुलाच्याही छातीतून दूध येते.

आपल्या सर्पगंधेची कथाही अशीच आहे. रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली लेख प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रिसर्पिन वेगळे करण्यात आले व पुढे ते मनोविकारांवरही वापरले गेले. रिसर्पिन डोपामीनचा साठाच रिकामा करते. त्यामुळे काही रोग्यांचे हातपाय कंपवातासारखे ताठरले.

काही परिणाम फारच विरळा. दहा हजारांत एकाला होणारा परिणाम निदान एकदा दिसेल, अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३०,००० रुग्ण तपासावे लागतात! मुलांवरील चाचण्या एवढ्या मोठ्या नसतात. म्हणून औषध बाजारात आल्यावरही नोंदी ठेवाव्या लागतात. भारतात २०१० पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. रुग्ण आणि पालकही त्यात दुष्परिणाम कळवू शकतात.

मग औषध घेऊच नये काय? तसे नाही. मनोविकाराने होणारी हानी मोठी असते, आणि औषध मनाने एकाएकी बंद केल्यास आजार उलटू शकतो. वाकडी मान योग्य इंजेक्शनने थोड्याच वेळात सरळ होते. मात्र औषध चालू असताना खूप ताप, ताठलेले शरीर आणि भ्रम ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

अंगारा लावण्यात गेलेला वेळ अशा वेळी महाग पडतो.